गुळणी

४ फेब्रुवारी

चि. टकलीस आशीर्वाद.

तू आता शाळेत बाई झालीस, वर्गभर पोरं तुला घाबरतात, तरी मी तुला टकलीच म्हणणार. जन्मल्यावर दीड वर्ष तुझ्या डोक्यावर केस नव्हता आणि माझी बहीण, म्हणजे तुझी आई, आता काही उगवत नाही म्हणून रडायची. ते असो. रागात लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तुझ्या मामेभावाचा फोन आला होता. मामीला झटका येऊन गेला त्याला सहा महिने झाले. पाय ओढत का होईना चालते, डावा हात धड आहे, पण बोलणं गेलं ते गेलं. माणसं ओळखते, सगळं समजतं. तोंड उघडते, ओठ हलतात आणि शब्द आतच अडकून बसतो. तर चिरंजीव म्हणतात, "बाबा, इथे माझ्याजवळ एक केंद्र आहे. अशा पेशंटना ठेवून घेतात, बोलायला शिकवतात. आईसाठी जागा मिळतेय. एप्रिल संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं आहे."

ठेवून घेतात! मामी म्हणजे काय सायकल आहे, स्टँडवर लावून ठेवायला? मी तिथल्या तिथे सांगितलं, तिला घर सोडायचं नाही. ती माझ्या शेजारीच बसली होती, तोंड उघडं टाकून. तिच्यासमोर सांगितलं, मागून नाही. तर म्हणतो कसा, "मग तुम्ही घरी काय सुधारणा केलीत ते दाखवा." मला दाखवायला सांगतो. मी ह्याला चालायला शिकवलं.

दवाखान्यातली बोलण्याचे धडे देणारी बाई आठवड्याला एकदा येते, तिला मी शब्दबाई म्हणतो. ती येते, आरशात बघून ओठ हलवायला लावते आणि मला सांगते, "आजोबा, धीर धरा." धीर धरा हे सांगायला एवढं शिकावं लागतं का?

तुझी आई म्हणत होती, तू शाळेत कृतिसंशोधन का काय ते केलंस आणि वर्गात तोंड न उघडणारी पोरं घडाघडा बोलायला लागली. ते कसं करतात ते मला सविस्तर कळव. कागद कुठला लागतो, सही कोणाची लागते, सगळं. मला एप्रिलच्या आत मामी बोलती करायची आहे आणि तो कागद तुझ्या मामेभावाच्या तोंडावर मारायचा आहे. माझी शाळा सहावीत सुटली, पण जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. मोठमोठ्या प्राध्यापकांची पुस्तकं ह्या हातांखालून गेली. त्यांचं अक्षर देवालाही लागलं नसतं, पण मी दोन अक्षरं बघून पुढचा शब्द ओळखायचो, कधी चुकलो नाही. तेव्हा मामाला काय समजणार असं धरून चालू नकोस.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

आईच्या बोलण्यावर जाऊ नका. माझ्या वर्गात घडाघडा कुणीही बोलायला लागलेलं नाही. तिने शेजारच्या बायकांना तर मला बक्षीस मिळाल्याचंही सांगितलंय.

कृतिसंशोधन म्हणजे काय ते मला समजलंय तेवढं सांगते. मोठी संशोधनं दुसऱ्यांबद्दल असतात. हे आपल्याच रोजच्या कामाबद्दल असतं. कामात जिथे आपण सारखे अडखळतो ती एक जागा धरायची. नेमका प्रश्न लिहून काढायचा. मग एखादी गोष्ट वेगळी करून बघायची, ती करताना काय होतंय ते डोळे उघडे ठेवून पाहायचं, आणि नंतर स्वस्थ बसून विचार करायचा, की असं का झालं. त्यातून पुढचं पाऊल. तेही पाहायचं. एका फटक्यात संपत नाही ते. सही कुणाची लागत नाही.

माझा प्रश्न होता, काही मुलं माझ्या तासाला का बोलत नाहीत. मी मुलांच्या जोड्या लावल्या. आधी जोडीत बोला, मग वर्गात बोला, असं. अजून चाललंय, काय होतंय ते लिहीनच.

एकच सांगते, रागावू नका. कुणाच्या तोंडावर मारायला हा कागद कामाचा नाही. उत्तर आधी ठरवून बसलात तर ते संशोधन होत नाही, वकिली होते.

मामीला माझा नमस्कार सांगा. उत्तर तिलाच देऊ द्या.

तुमची टकली


२ मार्च

चि. टकलीस आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. समजायला काही अवघड नाही, उगाच मोठं नाव दिलंय. आता मी काय केलं ते वाच.

प्रश्न लिहिला, ठळक अक्षरात, आणि भिंतीला चिकटवला. 'रुग्ण बोलण्याचा प्रयत्न का करत नाही?' मग कृती. पलंग खिडकीजवळून हलवून दाराजवळ आणला, कारण खिडकीतून ती रस्त्याकडेच बघत बसते आणि लक्ष लागत नाही. रेडिओ बंद केला. पुठ्ठे कापून त्यावर शब्द काढले. दूध, औषध, उशी, पंखा. असे देखणे काढले की छापखान्याचे मालकसुद्धा वाहवा म्हणाले असते. सकाळी तास, संध्याकाळी तास. आणि शब्दाशिवाय वस्तू नाही, हा नियम. 'दूध' म्हण, मग दूध.

निरीक्षण असं. पहिल्या दिवशी तिने पुठ्ठ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने सगळे पुठ्ठे पलंगावरून खाली ढकलून दिले आणि भिंतीकडे तोंड केलं. दूध निवून साय धरली, तरी तोंडातून अक्षर नाही. शेवटी मीच "दूध, दूध, घे बाई" म्हणत पाजलं.

विचार केला. निष्कर्ष एकच, मामी हट्टी आहे. लग्न झाल्यापासून हट्टी आहे, पण तेव्हा निदान हट्ट बोलून दाखवायची.

खालच्या मजल्यावरची शिवणवाली दुपारची वर येऊन बसते, तेवढ्यात मी बाजार उरकतो. ती पुठ्ठे बघून हसली. म्हणाली, "काका, दुकान टाकताय का?" मला असल्या चेष्टा आवडत नाहीत.

आता पुढे काय करायचं ते लवकर कळव. मार्च लागला.

तुझा मामा


९ मार्च

ती. मामांस सा. न.

दूध अडवून धरलंत? मामा, हे संशोधन नाही, हे पोलीस ठाणं झालं. मला वाचून इतका राग आला की पत्र दोनदा फाडलं. हे तिसरं.

पहिली गोष्ट, पलंग, रेडिओ, पुठ्ठे, तास आणि दूध, सगळं एकदम बदललंत. उद्या मामी बोलली असती तरी कशामुळे बोलली ते तुम्हाला कळलं नसतं. एका वेळी एकच बदल. पलंग आधी होता तिथे न्या, तिला रस्ता बघू दे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुमचा भिंतीवरचा प्रश्न पुन्हा वाचा. त्यात मामी आहे, मामा कुठे आहेत? कृतिसंशोधनात माणूस स्वतःलाच तपासतो. "ती का बोलत नाही" हा तुमचा प्रश्न नव्हे. "ती बोलायला लागते तेव्हा मी काय करतो?" हा तुमचा. आणि स्वतःचं स्वतःला दिसत नाही, म्हणून शेजारी एखादं माणूस पाहायला बसवायचं. तुम्हाला न घाबरणारं. तुमच्याकडे असं एक माणूस आहे, चेष्टा करणारं.

टकली


१४ मार्च

मास्तरीणबाईंस,

मी काय करतो?

मी तिला उठवतो, बसवतो, न्हाऊ घालतो. तिची वेणी घालतो. ह्या वयात वेणी घालायला शिकलो, तिपेडी. औषधं मी देतो. पाय मी चोळतो. ती ओठ हलवायच्या आत तिला काय हवं ते मी ओळखतो, पाण्याचा पेला तोंडाशी नेतो. तुझा मामेभाऊ फोन करतो, शब्दबाई घड्याळ बघते, तू पत्र लिहितेस. आणि मी काय करतो ते मी तपासायचं! त्यासाठी खालच्या मजल्यावरची बाई पहारा द्यायला बसवायची, माझ्या घरात!

चाळीस पोरांना शिकवता तेवढं पुरे. यापुढे मला शिकवू नये.

मामा


३० मार्च

ती. मामांस सा. न.

फोन केला तर तुम्ही उचलून ठेवून दिलात. तुमचा श्वास ओळखते मी, रागावलात की नाक वाजतं. म्हणून पत्र.

मी लिहिलं ते मागे घेत नाही, पण ज्या आवाजात लिहिलं तो चुकला. वेणीचं वाचून मी रडले.

आता माझं ऐका. माझ्या जोड्यांचं काय झालं ते. दोन मुलं थोडी बोलायला लागली. एक मुलगी मात्र आधी निदान माझ्याजवळ येऊन कानात तरी सांगायची, तिने तेही बंद केलं. मी अहवालात तसंच लिहिलं. हेडबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हे काय, अपयश कुणी लिहितं का? सगळी मुलं बोलू लागली असं लिहा. मागच्या वर्षीचा एक नमुना देते, त्यातला विषय तेवढा बदला." मी म्हटलं, बाई, मग मी केलं काय? म्हणाल्या, "तुम्ही अहवाल केलात." असा संताप आला, मामा! अहवाल तिथेच टेबलावर ठेवून आले. परत मागायला त्यांनी शिपाई पाठवलेला नाही, मीही गेले नाही.

पण घरी आल्यावर त्या मुलीचाच विचार डोक्यात. मग उमगलं. जोडी मी ठरवली होती. वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीशेजारी मी तिला बसवलं, तिचा फायदा होईल म्हणून. तिला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. ती काही बोलली नाही. उठली आणि खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली. तेही उत्तरच की.

मामीला नमस्कार.

टकली


१० एप्रिल

टकले,

लिहिणार नव्हतो. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

परवा दुपारी बाजारात गेलो, पिशवी विसरलो म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आलो. जिन्यात पाय ठेवला तर वरून दोन बायकांचे आवाज. एकीचं नुसतं "हं... हं". आणि दुसरी बोलत होती. थांबून, अडकून, पण बोलत होती.

"बाही... लांब." मग बराच वेळ काही नाही. "वाईट... दिसते. उसव."

उसव! टकले, तो मामीचा आवाज होता. जिन्याचा कठडा धरून मी उभा राहिलो. मला आनंद झाला असं तुला वाटेल. नाही झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे दिवस मी झिजतो आहे आणि शब्द मिळाले शिवणवालीला!

वर गेलो तर दोघी गप्प. मी ओरडलो. "माझ्यासमोर मुकी आणि हिच्याशी गप्पा? नाटक करतेस का?" मामीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शिवणवाली शांतपणे उठली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, ती शिवताना तशाच धरते. एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचली आणि मग बोलली.

"काका, काकू नाटक करत नाहीत. माझं तोंड टाचण्यांनी भरलेलं असतं, मला मधे बोलताच येत नाही. मग त्यांना बोलावंच लागतं. तुम्ही घरात असलात की त्यांना बोलायचं कामच उरत नाही."

"म्हणजे? मी तिचं बोलणं खातो?"

"मी कुठे म्हटलं? तुम्हीच म्हणालात."

"तिला काय हवं ते मला तिच्या आधी कळतं!"

"तेच सांगतेय. त्यांनी 'आ' केला की तुमचं सुरू. पाणी? पाणी हवंय? घे पाणी. काकूंची काय विहीर करायची आहे?"

मी तिला दार दाखवलं. ती गेली, बाही तशीच टाकून. मामीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती बाही हातात घेतली आणि दातांनी टाका तोडायला लागली.

तू म्हणतेस तो प्रश्न मी भिंतीवर लावलेला नाही. पण तो आता तिथेच दिसतो. जुना काढून टाकला आहे.

मामा


१४ एप्रिल

ती. मामांस सा. न.

घाईत लिहिते, टपाल निघेल. शिवणवालीची माफी मागा, मनात नसली तरी मागा. तिला परत बोलवा. तिला तुमच्याकडे पाहायला सांगा, मामीकडे नव्हे.

आणि एक. मी तुम्हाला ओळखते. टाचण्या तोंडात धरू नका, गिळाल. दुसरं काहीतरी शोधा.

टकली


२१ एप्रिल

चि. टकलीस आशीर्वाद.

टाचण्या धरूनच पाहणार होतो. तुझं पत्र वेळेत आलं.

माफी मागितली. शिवणवाली म्हणाली, "एवढ्या रागाने माफी मागणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं." पण आली. कोपऱ्यात मशीन मांडलं आणि माझ्याकडे बघत बसली, जसा मी परीक्षेला बसलोय.

आता कृती ऐक. मामीशी बोलायचं असलं की मी एक प्रश्न विचारतो आणि लगेच तोंडभर पाणी घेतो. तिचं बोलून होईपर्यंत पाणी तोंडातच. पहिल्या दिवशी काय झालं? तिने ओठ हलवायला सुरुवात केली, मी घटकन पाणी गिळलं आणि म्हणालो, "औषध ना?" कोपऱ्यातून शिवणवाली म्हणाली, "गेलं पाणी." परत भरलं, परत गिळलं. मला कळलंसुद्धा नाही कधी गिळलं ते. टकले, मी थांबलोय असं मला वाटत होतं आणि मी थांबलेलो नसायचो.

तेव्हा विचार केला, तू म्हणतेस तसा बसून. साधं पाणी गिळता येतं, हा दोष. म्हणून त्यात मीठ घातलं, चांगलं मूठभर. मिठाची गुळणी धरून बसलाय असं आजवर दुसऱ्यांबद्दल म्हणत आलो, आता स्वतः धरली. खारट पाणी गिळवत नाही, थुंकायला मोरीपर्यंत जावं लागतं, आणि मोरीपर्यंत जायला माझ्या गुडघ्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ तिचा.

माझे फुगलेले गाल बघून ती हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला वाकडं होतं हसताना. पण हसली ती हसली, शिवणवालीलाही टाचण्या काढाव्या लागल्या.

मग बसून राहिलो. ते बसणं काय सांगू तुला. ती शब्द शोधते आहे हे तोंडावर दिसतं, मला तो कळलाय असं वाटतं, तो माझ्या जिभेशी येऊन उभा राहतो आणि पुढे खारट पाणी. जन्मभर लोकांची अर्धी अक्षरं पुरी केली. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या, मिठामुळे म्हण.

ती म्हणाली, "पाणी... नको."

मी मान हलवली.

"खिडकी," म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "उघडा."

खिडकी उघडली. मोरीत जाऊन थुंकलो आणि तिथेच उभा राहिलो. एवढे महिने ती पाणी पीत होती, टकले, मी पाजतो म्हणून. तहान नव्हती तिला. किती वेळा दुसरंच काहीतरी हवं असेल, आणि मी पेला तोंडाला लावला असेल.

मला राग आला आहे. कुणाचा ते अजून नक्की नाही. पण रोज काही ना काही बोलते आहे. आता तुझ्या मामेभावाला ठणकावून सांगतो, केंद्राची गरज नाही, घरीच होतंय.

मामा


२४ एप्रिल

ती. मामांस सा. न.

पत्र वर्गात वाचलं. मुलं विचारत होती, बाई हसताय का रडताय.

मामा, त्याला फोन करू नका. आधी एक करा. तुमच्या पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलंय, "मी तिथल्या तिथे सांगितलं, तिला घर सोडायचं नाही. ती माझ्या शेजारीच बसली होती, तोंड उघडं टाकून." ते वाक्य मी काल पुन्हा वाचलं.

ते तोंड कशासाठी उघडलं होतं?

मी माझ्या त्या मुलीला विचारलं नव्हतं. मामीला कुणी विचारलंय? तुम्हीच विचारा, आणि गुळणी धरा.

टकली


२९ एप्रिल

टकले,

तू असं विचारायला नको होतंस. पत्र आल्यावर दोन दिवस मी तुझ्यावर इतका भडकलो होतो की समोर असतीस तर कान धरला असता. सगळं नीट चाललं होतं. ती बोलत होती, मी थांबत होतो, शिवणवाली मला बरे शेरे देत होती. आणि तू वाटेत हे टाकलंस. आता न विचारता राहावेना.

काल विचारलं. शिवणवालीला खाली पाठवून दिलं. म्हटलं, "मुलाकडच्या त्या केंद्रात तुला जायचंय का?" आणि गुळणी भरली.

ती माझ्याकडे बघत राहिली. रस्त्यावरून एक गाडी गेली, मग दुसरी. ती ओठ जुळवत होती, सोडत होती. मला उत्तर माहीत होतं. चाळीस वर्षांहून जास्त संसार केलाय. नाही म्हणणार, घर सोडून कुठे जाऊ म्हणणार.

म्हणाली, "जायचंय."

सगळं खारट पाणी मी गिळलं. नाकातून आलं, ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची वेळ. ठसक्यातच ओरडलो, "कशाला? काय कमी केलं मी तुला? आणि मी? माझं काय?" असं बरंच काय काय. तिने डाव्या हाताने पेला माझ्याकडे सरकवला. बोट दाखवलं. भरा.

भरली गुळणी. दुसरं काय करणार?

"तिथं," ती म्हणाली, "सगळे... अडकतात."

मला कळलं नाही. तोंडात पाणी होतं म्हणून विचारता आलं नाही, नाहीतर मी विचारलं असतं आणि तिचं पुढचं गेलं असतं.

"कुणी... घाई... करत नाही." मग छातीवर हात ठेवला. "मला... शिकायचंय."

मोरीत गेलो, थुंकलो, नळ सोडून उभा राहिलो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

टकले, तुझं हे कृतिसंशोधन मी कशासाठी हातात घेतलं? तिला इथे ठेवायला. आणि त्यातून काय निघालं? ती जाते. तुझ्या हेडबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, नमुना घ्या आणि दुसरंच लिहा. मी रात्रभर तेच करत होतो मनात. तिला नीट समजलं नसेल, तिला वेगळं म्हणायचं असेल. दोन अक्षरं बघून शब्द ओळखायचो, कधी चुकलो नाही, असं तुला लिहिलं होतं ना? तेव्हा पुस्तक छापून झाल्यावर कुणी माझ्याकडे तक्रार घेऊन आलं नाही, एवढंच. प्राध्यापकांना काय म्हणायचं होतं ते मी कधी विचारलं नव्हतं.

आज सकाळी मुलाला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या आईला बोलायचंय," आणि फोन तिच्या कानाला लावला, मोठा आवाज करून. मी गुळणी भरून समोर. ती ओठ जुळवायला लागली. लगेच तिकडून, "आई? आई, बरी आहेस ना? यायचंय ना तुला? येणार ना? की नको म्हणतेस? बरं बरं, नको तर नको..."

टकले, माझ्या डोक्यात तिडीक गेली! मोरीपर्यंत जायलाही धीर निघेना. दारातल्या कुंडीत थुंकलो आणि फोनमध्ये ओरडलो, "गप्प बस! तिला बोलू दे! आईचं बोलणं खातोस!"

शिवणवाली खालून विचारायला आली, काय झालं. कुंडीतलं रोप आता जगत नाही.

मी परत गुळणी भरली. फोन धरून आम्ही तिघेही गप्प होतो. मग तिने सांगितलं त्याला. स्वतः. "येते."

परवा तो न्यायला येतो आहे. तिची पेटी भरली. पुठ्ठे तिनेच मागून घेतले, त्या लोकांना दाखवणार म्हणे. चांगलं अक्षर आहे, म्हणाली. माझा राग गेलेला नाही, हे लिहून ठेवतो. तो तुझ्यावर आहे, मुलावर आहे, तिच्यावरही आहे. माझ्यावर आहे तो वेगळा. तुझा अहवाल तू हेडबाईंच्या टेबलावर तसाच ठेवलास ते बरं केलंस. एक अक्षर बदलू नकोस. हवं तर त्याला माझं हे पत्र जोड. सही माझी घे.

आता मामीला तुला काही सांगायचं आहे. ती पलंगावर खिडकीजवळ बसली आहे, मी समोर कागद घेऊन. तोंड भरलेलं आहे, हात मोकळा आहे. ती सांगते तेवढंच लिहितो, मधे माझं काही घालत नाही.

"टकले...

मी... जाते...

घाबरत... नाही...

हे... रागावलेत... रागावू दे...

ह्यांना... म्हणावं... तुम्ही..."

इथे ती थांबली आहे. ओठ जुळतायत, सुटतायत. पुढचा शब्द मला माहीत आहे असं मला वाटतं. पण लिहीत नाही. टपालवाला खाली घंटी वाजवतो आहे. वाजवू दे.